ब्रेडी ‘शेवटचा’ नव्हता, आणि सातव्या फेरीवाला ‘पक्का’ नसतो

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे संघ सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, शेवटच्या फेऱ्यांवरून चाहते हळहळू लागले की एक मेसेज हमखास फिरतो: ‘टॉम ब्रेडीलाही सगळ्यात शेवटी घेतलं होतं. शिवाय करार चार वर्षांचा, म्हणजे पोरगा संघात पक्का.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

लीगच्या ड्राफ्ट नोंदी कुणालाही बघता येतात. 2000 साली एकूण 254 खेळाडू निवडले गेले. ब्रेडी, पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू), सहाव्या फेरीत, 199वा. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले होते, हे मात्र खरं. अगदी शेवटचा होता तो दुसरा क्वार्टरबॅक, ब्रॉक पर्डी: 2022 चा ड्राफ्ट, क्रमांक 262, संघ सॅन फ्रान्सिस्को. बहुधा या दोघांचीच गल्लत होते.

करार चार वर्षांचा असतो, पण खालच्या फेऱ्यांत साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) सोडला तर पगाराची फारशी हमी नसते. सराव शिबिरानंतर 53 जणांचा संघ ठरतो, तेव्हा यातल्या अनेकांना नारळ मिळतो. पर्डीसुद्धा तिसरा क्वार्टरबॅक म्हणून टिकला. पुढचे दोघे जखमी झाले तेव्हा डिसेंबरमध्ये त्याची वर्णी लागली.

धीर द्यायचा हेतू चांगलाच आहे. पण तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.