म्हणे खेड्यात कसले अल्बम!

आज दुपारी लग्नाच्या पंगतीत पुण्याचे एक पाहुणे शेजारी होते. गाण्यांचा विषय निघाला, तर म्हणाले, "तुमच्याकडे खेड्यात कसलं अल्बम कल्चर असणार! लग्नाचा बँड अन् भजनं." पाहुणे म्हणून गप्प बसलो. आता घरी आलोय.

राजेहो, सांगा यांना. १९९० ची 'आशिकी' आपल्या पानठेल्यांवर घासून घासून वाजली नाही? १९९६ मध्ये लकी अलीचा 'सुनो' आला, तो आपण नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला नाही? दुकानदाराकडं यादी द्यायची, अन् तो उरलेल्या जागेत स्वतःच्या आवडीचं एखादं रडकं गाणं घुसवायचा. अन् गझल? गझला लिहिणारे सुरेश भट अमरावतीचे, त्या गाणारे भीमराव पांचाळे आष्टगावचे, दोघंही आपल्या वऱ्हाडातले. आता गझलही आम्ही पुण्याकडून शिकायची?

मी बारावीत होतो. तालुक्याच्या शाळेत एका मास्तरांची मैफल, सगळ्या गझला भटांच्या. कोऱ्या कॅसेटीला पैसे नव्हते. मोठ्या भावाची 'आशिकी' उचलली, वरच्या दोन्ही खाचांत कागदाचे बोळे कोंबले (त्याशिवाय रेकॉर्डचं बटण दबतच नाही) अन् शेजाऱ्यांचा टेप मांडीवर घेऊन पुढं जाऊन बसलो. चार मोठे सेल, तेही जुनेच.

कॅसेट उलटवली अन् लाईट गेली. माईक मेला. एक माणूस उठला नाही! कुणीतरी कंदील आणला, मास्तर हार्मोनियम जवळ ओढून तसेच गात राहिले. मागचे लोक सरकत सरकत पुढं आले. एका म्हाताऱ्या बुवाचं कोपर माझ्या टेपवर होतं, ते हलवायची हिंमत झाली नाही. याला काय म्हणतात पुण्यात? कल्चरच ना?

फोनवर आवाज स्वच्छ येतो, मान्य. टेप रीळ खायचा अन् मग पेन्सिल घालून फिरवत बसा, तेही मान्य. पण फोनमध्ये त्या बुवाचं "वाऽऽ बाप्पा" कुठं आहे?

जाऊ द्या. पाहुणे तसे वाईट नव्हते, माझ्या ग्लासात मठ्ठा त्यांनीच ओतला.

आल्याआल्या कपाटातून तीच कॅसेट काढून लावली. त्या रात्री सेल उतरत गेले, टेप हळू फिरला, म्हणून आता ऐकताना मास्तरांचा आवाज बारीक होत जातो. शेवटची गझल तर चौथीतलं पोरगं गातंय अशी वाटते, भरभर, चिरक्या आवाजात. बायको आतून हसत होती. मग खट्ट. अन् अर्ध्या ओळीपासून 'आशिकी' सुरू.

भाऊ अजून दर दिवाळीला विचारतो, "मायी कॅसेट कुठी हाय बे?"