प्रायमर चपटा होईपर्यंत काडतुसातली दारू वाढवण्याचा सल्ला

माझा भाचा टेक्सासमध्ये राहतो. गेल्या वर्षी त्याने साडेअकरा इंची नळीची एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक (झाडल्यावर पुढचे काडतूस स्वतःच चढवणारी) रायफल घेतली. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलला तिथे १९३४ च्या केंद्रीय कायद्यानुसार वेगळी नोंदणी लागते. ती करून झाल्यावर त्याने काडतुसे घरी भरण्याचे प्रेसही आणले. त्याच्या मराठी नेमबाज मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारा 'आखूड नळीतून अचूक नेम' हा लांबलचक संदेश त्याने मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, मी याप्रमाणे चाळीस भरली आहेत." त्या एका ओळीमुळे हा लेख लिहावा लागत आहे. (हा संदेश पुण्या-मुंबईतही पोहोचला असल्यास, भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.)

संदेशातील सर्वांत घातक वाक्य असे आहे: "आखूड नळीत दाब चढायला जागाच मिळत नाही, म्हणून पुस्तकातील कमाल मर्यादा तुम्हाला लागू नाही, ती वकिलांनी लिहिली आहे. प्रायमर चपटा दिसेपर्यंत दारू वाढवत जा." यातले एकही विधान खरे नाही. (पुस्तक म्हणजे कोणत्या काडतुसात किती दारू भरावी हे सांगणारे पुस्तक, आणि प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, टोला बसताच दारू पेटवणारी छोटी टोपी.) काडतुसातला दाब गोळी नळीत शिरल्यानंतर पहिल्या दोन-तीन इंचांतच शिखर गाठतो आणि तिथून उतरू लागतो. पुढे नळी आठ इंच उरली आहे की सतरा इंच, याची त्या शिखराला कल्पनाही नसते. अमेरिकी उत्पादकांच्या 'सामी' या मानक संस्थेने .२२३ रेमिंग्टन या एआर-१५ मध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या काडतुसासाठी दर चौरस इंचाला ५५,००० पौंड ही कमाल सरासरी दाबाची मर्यादा ठरवली आहे, आणि ती आखूड नळीलाही तितकीच लागू आहे.

या काडतुसात साधारण २५ ग्रेन दारू मावते, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅमहून थोडी अधिक. त्यात "फक्त एक ग्रेन जास्त" टाकणे म्हणजे चार टक्के वाढ, आणि दाब त्या चार टक्क्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. शिवाय आखूड नळीच्या एआरमध्ये वायू मागे नेणारे छिद्र चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) बरेच जवळ असते, त्यामुळे बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) धक्का लवकर आणि जोरात बसतो. काडतुसाची पितळी पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तिची कड ओढू लागतो. म्हणजे दारू वाढवायला सर्वांत अयोग्य रायफल संदेशकर्त्याने नेमकी निवडली आहे. आणि मिळते काय? नळीचा प्रत्येक इंच कमी झाला की गोळीचा वेग ढोबळमानाने सेकंदाला २५ ते ५० फुटांनी उतरतो. ती तूट एका ग्रेनने भरून निघत नाही, आणि वेग वाढला म्हणून नेम सुधारतो असेही नाही.

प्रायमर पाहून दाब ओळखण्याची पद्धत तर ताप आहे की नाही हे कपाळाला हात लावून ठरवण्यापेक्षाही कच्ची आहे. एका कंपनीच्या प्रायमरचे कवच मऊ असते, दुसऱ्याचे टणक. टणक प्रायमर मर्यादा ओलांडल्यानंतरही गोल दिसत राहतो. उलट पुंगळीचा खांदा (गोळी धरणारी मान जिथे रुंद अंगाला मिळते तो उतार) जास्त मागे दाबला गेला असेल, तर साध्या दाबालाही प्रायमर चपटा दिसू शकतो.

दुसरा धोकादायक सल्ला झाडल्यावर फुगलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी आवळण्याबद्दलचा, "पुंगळीची फक्त मान आवळा, अंग आवळू नका" हा. बोल्ट हाताने बंद करायच्या रायफलींमध्ये अनेक जण असे करतात, हे मान्य. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट केवळ स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो, आणि फुगलेली पुंगळी त्याला अर्ध्यात अडवते. त्यात एआरची फायरिंग पिन (प्रायमरवर टोला मारणारी सुई) मोकळी असते. न झाडलेले काडतूस चेंबरमधून बाहेर काढून पाहिल्यास प्रायमरवर बारीक ठिपका उमटलेला दिसेल. मऊ किंवा वर राहिलेला प्रायमर तेवढ्या टिचकीनेही उडू शकतो, तोही बोल्ट पुरता बंद होण्याआधी. म्हणून या रायफलीसाठी पुंगळी संपूर्ण आवळायची आणि खांदा झाडलेल्या मापापेक्षा तीन-चार सहस्रांश इंच मागे न्यायचा.

गोळी नळीतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचांना) टेकेल इतकी बाहेर बसवण्याचा सल्ला एका वाक्यात संपतो: मॅगझीनमध्ये २.२६ इंचांपेक्षा लांब काडतूस मावतच नाही.

आता संदेशाचा "पुरावा". सात वेगवेगळ्या वजनांच्या भरणी (दारूची मापे), प्रत्येकीच्या तीन गोळ्या, आणि त्यांत पाऊण इंचाचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) देणारी भरणी विजयी. ॲबरडीन येथील अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतले सांख्यिकीतज्ज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ साली नेमबाजांसाठी या विषयावर लिहिले आहे, आणि त्या गणितानंतर अशा चाचणीत फारसे काही उरत नाही. विखुरणीचे मूळ माप सिग्मा मानल्यास, तीन गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी सरासरी २.४ सिग्मा येते, पाचची ३.१ आणि दहाची ३.८. रायफल तीच, काडतुसे तीच, पण तीनऐवजी दहा गोळ्या झाडल्या की ग्रुप दीडपटीहून मोठा होतो. त्याहून वाईट म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप स्वतःच सरासरीच्या सदतीस टक्क्यांपर्यंत सहज इकडेतिकडे होतो. सरासरी दीड इंच असलेल्या एकाच भरणीचे सात ग्रुप झाडले, तर त्यांत एखादा पाऊण इंचाचा आणि एखादा सव्वादोन इंचांचा निघण्यात नवल नाही. संदेशकर्त्याने भरणी शोधलेली नाही, सोडत काढली आहे. भाच्याचे पदवीचे शिक्षण अभियांत्रिकीचे आहे. हे त्याला मला सांगावे लागले, याचा मला अधिक राग आहे.

प्रत्येक दाणा मोजून दारू तोलण्याचा आग्रहही शंभर यार्डांवर फोल आहे. वेगात सेकंदाला २५ फुटांचा फरक पडला, तर त्या अंतरावर गोळी सुमारे दीड मिलिमीटर वर किंवा खाली लागते.

दोन गोष्टी मात्र नाइलाजाने मान्य कराव्या लागतात. एकाच कंपनीच्या पुंगळ्या वापराव्यात, हे बरोबर आहे, कारण भिंतीची जाडी बदलली की आतली जागा बदलते आणि तिच्याबरोबर दाबही. आणि जलद जळणारी दारू घेतली की आखूड नळीच्या तोंडाशी जाळ व दणका कमी होतो, हेही खरे. मात्र जाळ कमी झाल्याने ग्रुप लहान होत नाही. ज्याने खरोखर फरक पडतो, त्या आट्यांच्या पिळाबद्दल संदेशात अवाक्षर नाही. ७७ ग्रेनची लांब गोळी सात किंवा आठ इंचांत एक वेढा घेणाऱ्या नळीत स्थिर राहते. बारा इंचांत एक वेढा घेणाऱ्या जुन्या नळीतून तीच गोळी कोलांट्या खात कागदाला आडवे भोक पाडते. भाच्याच्या नळीचा पीळ सात इंचांचा आहे, हे त्याला नळीवरचा शिक्का वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

ती चाळीस काडतुसे त्याने रविवारी हातोडीसारख्या पुलरने (गोळी उपसण्याच्या अवजाराने) एकेक आपटून उघडली, मी व्हिडिओ कॉलवर बसून होतो. बत्तीस काडतुसांतली दारू त्याच्याच पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या वर निघाली.