'प्रो' मॉडेलबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की आम्ही पूर्ण पिनबॉल मशीन बनवतो, मग त्यातले भाग काढून ते 'प्रो' म्हणून विकतो. शिवाय तुमचं प्रो घरी पोचल्यावर तीन आठवड्यांनी त्याच मशीनचं महागडं मॉडेल, प्रीमियम, जाहीर केलं. ही दुसरी तक्रार पूर्ण खरी आहे. बुकिंग घेण्याआधीच प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड या तिन्ही मॉडेलांतला फरक सांगायला हवा होता. तो निर्णय माझा होता आणि चुकला. माफ करा.

पहिल्या तक्रारीबद्दल मात्र सविस्तर सांगतो. आमच्याकडे आराखडा प्रोपासूनच सुरू होतो. फ्लिपरवरून, म्हणजे चेंडू उडवणाऱ्या दांडीवरून, सुटलेला चेंडू कुठे जाईल, रॅम्पचा चढ किती, चेंडू परत कोणत्या फ्लिपरवर येईल, हे सगळं त्यावर ठरतं. हलणारा रॅम्प, मॅग्नेट आणि खालचं छोटं प्लेफील्ड (चेंडू फिरतो तो फळा) प्रीमियमसाठी नंतर येतं. प्रो हे आर्केडवाल्यांचं, म्हणजे पैसे घेऊन लोकांना मशीनवर खेळू देणाऱ्यांचं मशीन आहे. सुमारे ८० ग्रॅमचा स्टीलचा चेंडू दिवसभर आपटत असतो, आणि प्रत्येक हलणाऱ्या यंत्रणेमागे कॉइल, स्विच, वायरिंग आलंच. त्यातलं एक बिघडलं तरी मशीन बंद, म्हणजे त्यांची कमाई बंद.

तुम्ही विचारलंत, पूर्वी एकच मॉडेल कसं पुरायचं? १९९२ साली बॅली या कंपनीचं 'द ॲडम्स फॅमिली' निघालं, त्याची २०,२७० मशीन्स बनली. लायसन्स, चित्रं, आवाज, प्रोग्रॅमिंग, साचे हा सगळा खर्च तेवढ्या मशीन्सवर वाटला गेला. तेव्हा मुख्य गिऱ्हाईक नाण्यांवर मशीन चालवणारा होता. पुढे तो बाजार आटला. १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणं बंद केलं आणि नंतरची बरीच वर्षं स्टर्न ही जवळजवळ एकटीच मोठी कंपनी उरली. आज घरी मशीन ठेवणारे पुष्कळ आहेत. आमच्यासारखा छोटा कारखाना एका थीमची काही शेच मशीन्स बनवतो; तो सुरुवातीचा खर्च मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. लायसन्स देणाऱ्याला तर किमान रक्कम द्यावीच लागते, मशीन्स खपोत वा न खपोत.

त्या खर्चाचा मोठा वाटा प्रीमियम आणि लिमिटेड उचलतात. जादा यंत्रणेचा खर्च किमतीतल्या फरकापेक्षा कमी असतो, म्हणजे तिथे आमचा नफा जास्त आहे. हे मी उघड सांगतो, कारण त्यावरच प्रोची किंमत टिकते. एकच मॉडेल ठेवलं तर ते दोन्हींच्या मधल्या किमतीला जाईल आणि आर्केडवाला ते घेणार नाही.

गेमचा कोड तिन्हींना एकच आहे, त्यातले अजून यायचे राहिलेले मोड, म्हणजे खेळाचे वेगवेगळे प्रकारही तुम्हाला मिळतील. लिमिटेडच्या पाटीवर छापलेला आकडा संपला की ते पुन्हा बनणार नाही. प्रीमियम मागणी असेपर्यंत बनत राहील. बुकिंगबद्दलही सांगतो. पूर्ण पैसे आधी घेऊन मशीन न देताच बंद पडलेले कारखाने या धंद्यात झालेत. म्हणून आम्ही फक्त अनामत घेतो, आणि तुमचं मशीन जोडणीला लागेपर्यंत ती परत मिळते.

प्रीमियमचे भाग तुमच्या प्रोला बसवून देता येणार नाहीत. प्लेफील्डवरचे कापच वेगळे आहेत. पण तुमचं मशीन पूर्ण किमतीला परत घेऊन फरकात प्रीमियम देतो, वाहतूक आमची. त्या तीन आठवड्यांत ज्यांना ज्यांना प्रो पोचलं, त्या सगळ्यांना हे लागू आहे. बिलाचा क्रमांक कळवा, गाडी पाठवतो.