माझ्या बॅगेला हात लावू नका

पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मी बँकॉकला चालले आहे, परवा पहाटेचे विमान आहे. आज मी बॅग तिसऱ्यांदा रिकामी करून पुन्हा भरली आहे, आणि काल संध्याकाळपासून डोक्यात जो संताप आहे तो अजून उतरलेला नाही.

काल भाजी आणायला म्हणून अर्धा तास खाली गेले होते. परत आले तर आतल्या खोलीत पलंगावर माझी बॅग सताड उघडी होती, चुलतसासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, समोरच्या घरातल्या वहिनी दारात उभ्या होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे घालायचा माझा कॉम्प्रेशनचा, म्हणजे पोट घट्ट आवळून धरणारा पट्टा दुकानात साडीचा पदर उलगडून दाखवावा तसा दोन्ही हातांनी ताणून त्यांना दाखवला जात होता. कातडीच्या रंगाचा, पुढे हुकांच्या तीन रांगा असलेला तो पट्टा मी कंबरेची आणि पोटाची मापे पाठवून, एकदा परत करून मागवला होता आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवला होता. "पोरं कॉलेजात गेली, आता पोट सपाट करून कुणाला दाखवायचंय गं?" हे त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. वहिनी हसल्या. माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

एवढ्यावर भागले नाही. पुढून बटणांचे चार गाऊन "परदेशात कुणी गाऊन घालतं का" म्हणून खुर्चीवर टाकलेले होते, आणि त्या जागी दोन किलो डिंकाचे लाडू, मेतकुटाचा डबा, कुठल्याशा काढ्याची बाटली आणि बँकॉकला राहणाऱ्या त्यांच्या भाच्यासाठी चिकटपट्टीने गच्च बांधलेले एक पुडके आले होते. पुडक्यात काय आहे, असे विचारल्यावर "असेल काहीतरी, त्याच्या आईनं दिलंय" असे उत्तर मिळाले. ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का, असे विमानतळावर विचारतात, तेव्हा उत्तर मला द्यायचे असते, त्या भाच्याच्या आईला नव्हे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर करून डोक्यातून कपडा घालताना टाके ओढले जातात, जखमेतले पाणी काढणाऱ्या नळ्या काही दिवस तशाच लोंबत असतात, आणि पहिला आठवडाभर तरी माणूस कंबरेत वाकूनच चालतो. म्हणून गाऊन हवेत, म्हणून वाकावे न लागता पाय सरकवता येतील अशा चपला हव्यात. त्या चपलाही बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. काढा तर मुळीच नको, कारण रक्तस्राव वाढू नये म्हणून दोन आठवडे आधीपासून ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि सगळी जडीबुटीची औषधे बंद ठेवायला सर्जनने बजावून सांगितले आहे. हे मी घरात किमान चार वेळा बोलले आहे.

आणि वजन. माझ्या तिकिटावर २० किलोची मुभा आहे, म्हणून ती भरलीच पाहिजेत असे या घरातल्या प्रत्येकाला वाटते. अहो, जाताना ती बॅग मी उचलणार आहे, पण येताना सहा आठवडे मला चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायची मनाई असेल! म्हणूनच बॅग अर्धी रिकामी ठेवली होती. त्या रिकाम्या जागेकडे बघून नणंदेने फोनवर खरेदीची यादी पाठवली: दोन पर्स, सुकवलेल्या आंब्याची पाकिटे, बाम. मी तिथे भुलीखाली जाणार आहे, बाजारात नाही.

नवऱ्याचेही सांगून टाकते. जागा वाचवायची म्हणून त्याने गेल्या आठवड्यात माझ्या औषधांच्या पट्ट्या कात्रीने कापून एका डबीत भरल्या. नाव गेले, बॅच नंबर गेला, मुदत गेली. कोडीनसारखी वेदनाशामक औषधे थायलंडमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, म्हणून प्रत्येक गोळी मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह असावी, हे मी त्याला वाचून दाखवले होते. सगळी औषधे पुन्हा विकत आणली. त्याच हाताने त्याने पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत टाकली होती, ती मी काढली.

रुग्णालयाच्या समन्वयकानेही कमी छळले नाही. तीन याद्या आल्या. पहिलीत "सैलसर कपडे" एवढेच, दुसरीत पट्टा आम्ही देऊ, तिसरीत पट्टा स्वतः आणा. मधल्या काळात मी मापे घेत बसले होते.

जुळ्यांच्या बाळंतपणात माझ्या पोटाचे उभे स्नायू मधोमध दुभंगले, ते पुन्हा जुळलेच नाहीत. एकोणीस वर्षे मी व्यायाम केले, पट्टे बांधले, अजून बसमध्ये बायका मला जागा देतात आणि कितवा महिना म्हणून विचारतात. विमा कंपनीने मात्र ही सौंदर्यशस्त्रक्रिया ठरवून हात झटकले. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला थेट धोका असेल तरच खर्च मिळतो, असे त्यांनी कलमासकट कळवले. पैसे माझे आहेत, साठवायला सहा वर्षे लागली. भाऊ बँकॉकला राहतो हे तिथे जाण्याचे एक कारण, आणि इथे केले असते तर शहाळी घेऊन भेटायला येणाऱ्यांची रांग लागली असती, हे दुसरे आणि खरे कारण. ती रांग आता बॅगेपाशीच लागली.

आज सकाळी पुडके चुलतसासूबाईंच्या हातात परत दिले. "भाच्याला टपालाने पाठवा, काकू," एवढेच म्हणाले, आणि त्या रुसून गेल्या. पट्टा धुऊन वाळवला, कारण तो चार हातांतून फिरला होता. गाऊन, चपला, पायांत घालायचे घट्ट मोजे, औषधे आणि कागदांची फाइल, सगळे मिळून साडेनऊ किलो भरले. बॅगेला आकड्यांचे कुलूप घातले आहे आणि आकडा नवऱ्यालाही सांगितलेला नाही. लाडवांचा डबा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आहे.