जुनं ग्रिड, नवं गाणं: परभणीच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट रात्री दोनदा वाचली. मांडवातल्या लाइटा गाण्याच्या ठोक्यावर पेटवायच्या शोबद्दल मी पोस्ट टाकली होती, त्यावर तुमचं म्हणणं असं की "जुनं टायमिंग ग्रिड नव्या गाण्याला वापरा" असं लिहून मी नव्या पोरांना आळशी करायलोय, प्रत्येक ठोका कानानं ऐकून हातानं कळ दाबून टॅप केल्याशिवाय लाइटला जीव येत नाही, संबळाला तर तयार ग्रिड चालतच नाही, आणि या कॉपी-पेस्टमुळंच सगळ्या मांडवातल्या लाइटा एकसारख्या दिसायलेत. एकसारख्या दिसायलेत हे खरंय, मलाबी बघून वाईट वाटतं, पण ते इफेक्ट, म्हणजे लाइटा कशा पेटायच्या ते नमुने, उचलल्यामुळं होतं हो. ग्रिड म्हणजे कुठला ठोका कधी पडतो त्या नुसत्या वेळेच्या रेघा, वहीत आखलेल्या असतात तशा, त्यावर काय लिहायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

आणि ग्रिड गाण्याला बांधलेलं असतं, माळांना नाही. मागच्या साली गणपतीत बारा माळा होत्या, यंदा महालक्ष्म्यांपुढं पिक्सेलचा, म्हणजे बारक्या एलईडी दिव्यांचा पडदा केला, रेकॉर्डिंग तेच, तर ग्रिड जसंच्या तसं चालतं. लाइटांच्या गाणाऱ्या चेहऱ्यासाठी एक्सलाइट्स या लाइट-शोच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ, शब्द, मग ओठांचे उच्चार असं सगळं बसवायला किती रात्री जातात ते तुम्हाला माहितीये, ते दरसाल पुन्हा कामून करायचं?

आता दुसऱ्या गाण्याला लावायचं म्हणाल तर. कॉम्प्युटरवर बनवलेल्या बहुतेक गाण्यांचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही. 120 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 120 ठोके, असंल तर ठोका बरोबर 500 मिलिसेकंदांनी पडतो, 96 असंल तर 625 नी. 25 मिलिसेकंदांची फ्रेम, म्हणजे लाइट बदलायचा सगळ्यात छोटा टप्पा, धरली की एकाला 20 फ्रेम, दुसऱ्याला 25, शिल्लक काही उरत नाही. असलं ग्रिड एक्सपोर्ट करून ठेवायचं, त्याच वेगाचं गाणं आलं की पहिल्या ठोक्यावर सरकवून लावायचं, बस. बोटानं टॅप केलेला ठोका इतका नेमका बसत नाही, मी तीन साल बोटानंच केलंय म्हणून सांगायलो.

घोळ होतो तो 110 सारख्या वेगाला, आणि हे मी पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. तिथं ठोका 545.45 मिलिसेकंदांचा येतो, पोरं फ्रेममध्ये बसावं म्हणून 550 धरतात आणि तेवढंच अंतर पुढं पुढं जोडत जातात, प्रत्येक ठोक्याला साडेचार मिलिसेकंद वाढतात, कुणाच्या लक्षात येत नाही, पण 3 मिनिटं 40 सेकंदांच्या गाण्यात 403 ठोके होतात आणि शेवटाला लाइट पावणेदोन सेकंदांपेक्षा जास्त मागं पडते. लोकांच्या टाळ्या वाजून गेल्यावर माळ पेटते! तुम्ही बघितलेला "कॉपी-पेस्टचा" शो असाच बिघडला असणार. यावर उपाय एकच, प्रत्येक ठोक्याची वेळ पहिल्या ठोक्यापासून मोजायची आणि मग जवळच्या फ्रेमवर न्यायची, मग चूक साडेबारा मिलिसेकंदांच्या पुढं कधीच जात नाही.

ताल बघणं मात्र सुटत नाही. केहरवा 8 मात्रांचा, दादरा 6 चा, वेग सारखा असला तरी एकाचं ग्रिड दुसऱ्याला लावलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भलतीकडंच पडते, मोठा झगमगाट चुकीच्या जागी येतो आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतंच. म्हणून मी फायलीला नाव देताना वेगाबरोबर तालपण लिहितो. आणि तेच गाणं दुसरीकडून डाऊनलोड केलं तर सुरुवातीची शांतता थोडी कमीजास्त असू शकते, पहिला ठोका पुन्हा जुळवूनच घ्यायचा.

संबळाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे दादा. तुळजापूरला नवरात्रात गोंधळी वाजवतो तेव्हा वेग त्याच्या अंगात असतो, कवनाला हळू, पुढं चढत चढत जातो, तिथं कुठलंच तयार ग्रिड टिकत नाही, एकाच ठरलेल्या वेगावर बसवायला गेलं तर जीवच जातो त्याचा. तिथं टॅपच करायचं, तेबी दोन-तीनदा ऐकून. मी पोस्टमध्ये "कोणत्याही गाण्याला" असं लिहिलं होतं, ती ओळ आज काढतोय.

पण दादा, मंडळाकडून गाण्यांची यादी स्थापनेच्या दोन दिवस आधी येते, त्यात लाइट कधी जाईल नेम नाही. जी रात्र ठोके मोजण्यात जात होती ती आता मी कुठल्या ओळीला अंधार ठेवायचा यावर घालवतो. तुमच्याकडं संबळाचं टॅप केलेलं एखादं ग्रिड असंल तर पाठवा की, मला ते उघडून बघायचंय.