घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांचं आयुष्मान कार्ड नुसतं काढून ठेवू नका

आई बाथरूमच्या दारात पडली त्या रात्री तिचं वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, माझ्या फोनमध्ये होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ती कण्हत होती आणि मी तिला धीर देत होतो की कार्ड आहे, पैशाचं टेन्शन घेऊ नकोस. घरापासून सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलच्या दारावर आयुष्मान भारत योजनेचा बोर्ड मी कितीतरी वेळा बघितला होता म्हणून तिथेच नेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, आमच्याकडे योजनेत हार्टचं बसतं, हाडांचं बसत नाही. ॲडमिट करायचं तर डिपॉझिट भरा.

मला हे माहीतच नव्हतं. बोर्ड आहे म्हणजे सगळं होतं, हीच माझी समजूत. एखादं हॉस्पिटल योजनेत असतं ते ठरावीक विभागांसाठी असू शकतं, कुठे फक्त हृदय, कुठे किडनी, कुठे कॅन्सर. रात्रभर तिथे ठेवलं, पैसे भरले, सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं. मोडलेलं हाड घेऊन आईला परत एकदा ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. आणि ते भरलेले पैसे गेलेच, कारण ही योजना कॅशलेस आहे, आधी बिल भरा आणि नंतर पावत्या देऊन पैसे मागा असं इथे नसतं.

दुसऱ्या ठिकाणी मात्र सगळं नीट झालं, हेही तेवढंच ठासून सांगायला हवं. तिथल्या आरोग्यमित्र ताईंनी, म्हणजे हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या ताईंनी, आधार आणि कार्ड बघितलं, कागद वर पाठवले, मंजुरी आली, ऑपरेशन झालं. आत टाकलेला इम्प्लांट, औषधं, तपासण्या, जेवण सगळं पॅकेजमध्ये. घरी सोडताना गोळ्या पण दिल्या, कारण डिस्चार्जनंतरचे १५ दिवस आणि ॲडमिट व्हायच्या आधीचे ३ दिवस यांचा खर्चही योजनेत धरलेला असतो. जनरल वॉर्ड होता, पण स्वच्छ होता आणि आई आता वॉकर घेऊन चालते.

तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला मी एकच सांगतोय, कार्ड काढणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं आजारपण यायच्या आधी, शांत डोक्याने, एखाद्या रविवारी बसून करायचं असतं आणि ते मुलांनी करायचं असतं, सत्तर-पंच्याहत्तरच्या माणसाने पोर्टल उघडून शोधत बसायचं नसतं.

आता ज्यांना योजनाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयुष्मान भारत २०१८ पासून आहे, पण ती गरीब कुटुंबांसाठी होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ती लागू झाली, उत्पन्न कितीही असू दे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. वय आधारवरचंच धरतात. वेटिंग पिरियड नाही, म्हणजे आधीपासूनचा बीपी, शुगर, हार्टचा त्रास पहिल्या दिवसापासून चालतो. साठीनंतर प्रायव्हेट पॉलिसी घ्यायला जो गेलाय त्याला याची किंमत बरोबर कळेल.

एक गैरसमज मी खूप घरांत बघितला. आई आणि बाबा दोघंही सत्तरीच्या पुढे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी ५ असे १० होत नाहीत. मात्र ज्यांचं कुटुंब आधीपासूनच आयुष्मान भारतमध्ये आहे त्यांच्या घरातल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे ५ लाख वरून मिळतात, त्यात बाकीच्यांचा वाटा नसतो.

बाबांचं कार्ड काढताना अंगठाच उमटेना. आयुष्यभर हाताने काम केलेल्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. सेंटरवर दोनदा जाऊन परत आले आणि मग म्हणायला लागले, जाऊ दे, मला नको ते. ओटीपी घ्यावा तर आधारला जोडलेला नंबर जुन्या, बंद पडलेल्या सिमचा. शेवटी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घेतला आणि मग आयुष्मान ॲपवर घरी बसून कार्ड निघालं. ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची पण सोय आहे, ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बाबांच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. म्हणून पहिलं काम हेच करा, आईबाबांच्या आधारला कोणता नंबर जोडलाय ते आजच बघा.

दुसरं काम हॉस्पिटलचं. आयुष्मान भारतच्या (पीएमजेएवाय) साइटवर हॉस्पिटल शोधायची सोय आहे, जिल्हा टाका, विभाग टाका, यादी येते. पण यादीवर थांबू नका, स्वतः जाऊन तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा की हार्ट अटॅक आला तर इथे योजनेत बसतं का, हाड मोडलं तर, लकवा झाला तर, डायलिसिस लागलं तर. आणि हे पण विचारा की अमुक ऑपरेशन प्रायव्हेटमध्ये योजनेत होतं की फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहे, कारण काही ऑपरेशनं तशी राखीव असतात आणि ऐन वेळी कळलं की माणूस भांबावतो. आमच्या घरात आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, कशासाठी कुठे जायचं, आणि खाली मोठ्या अक्षरात १४५५५. हा योजनेचा टोल फ्री नंबर आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलने मंजूर उपचारांसाठी वर पैसे मागितले तर तिथूनच फोन लावा, भांडत बसू नका आणि घाबरून पैसेही देऊ नका.

काय मिळत नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं. ओपीडी नाही. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, नुसतं डॉक्टरला दाखवणं, नुसत्या तपासण्या हे यात येत नाही. गोळ्यांसाठी जन औषधी केंद्र बघा, खूप फरक पडतो. पण डायलिसिस, केमो असल्या रात्रभर न राहता होणाऱ्या गोष्टी योजनेत आहेत आणि लोक त्या ओपीडीसारख्या समजून खिशातून पैसे भरत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी कित्येक महिने डायलिसिसचे पैसे स्वतः भरले, फक्त विचारलं नाही म्हणून.

आता माझं स्पष्ट मत. सरकारी कार्ड मिळालं म्हणून आईबाबांची प्रायव्हेट पॉलिसी बंद करू नका, परवडत असेल तोवर चालू ठेवा. दोन्ही ठेवता येतात, सरकारी नियमातच तशी मुभा आहे. एकदा पॉलिसी सोडली की त्या वयात नवी घेताना जुन्या आजारांसाठी परत वेटिंग लागू शकतं, आणि ते ३ वर्षांपर्यंत असू शकतं. आता वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी पण २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकलाय. ज्यांना केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस आहे त्यांना मात्र दोनातलं एकच निवडावं लागतं, आणि माझ्या मते त्यांनी आपली जुनीच ठेवावी, कारण तिथे ओपीडी आणि रोजची औषधं मिळतात, म्हातारपणी दर महिन्याला लागतं तेच.

आणि आईबाबा सत्तरचे नसतील, ६२ किंवा ६६ चे असतील, तर आपल्याला काहीच नाही असं समजून बसू नका. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कव्हर ५ लाखांचं झालंय आणि ती सगळ्या रेशनकार्डांसाठी आहे, पांढऱ्या सुद्धा. आमच्या सोसायटीत पांढरं कार्ड म्हणजे आपलं त्यात काही नाही असं धरून चालणारी किती तरी घरं आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मला आईला समजावायला लागला होता. तिचं म्हणणं, हे गरिबांसाठी असतं, आपण कशाला त्यांच्या हक्काचं घ्यायचं. मी तिला एवढंच म्हटलं, तू चाळीस वर्षं जे काही विकत घेतलंस त्यातल्या कितीतरी गोष्टींवर टॅक्स भरलास, हे तुझ्याच पैशातलं आहे. ती गप्प बसली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मला म्हणाली, शेजारच्या काकूंचं काढलंय का रे कार्ड? त्यांची मुलं बाहेर असतात.

काकूंचं मागच्या आठवड्यात काढलं, चेहरा दाखवून. तुमच्यापैकी कोणाला अडलं असेल तर कमेंटमध्ये विचारा, मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगतो, फक्त आधार नंबर कमेंटमध्ये टाकू नका.