राजदूतला कोण हात लावतं?

"काका, हा पेनड्राइव्ह पुन्हा आमच्या मशीनला लावायचा नाही."

धुळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, मागे रांगेत गावातली ओळखीची माणसं उभी असताना, माझ्या मुलीच्या वयाच्या क्लार्कबाईंनी मला हे ऐकवलं. पेनड्राइव्ह हातात दिला नाही, टेबलावरून सरकवला. शिष्यवृत्तीच्या कागदांचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले होते आणि त्यांच्या पडद्यावर अँटिव्हायरस लाल होऊन बोंबलत होता. मागचा एक जण "व्हायरस आहे म्हणे" असं म्हणत चक्क एक पाऊल मागे सरकला. मला!

पेनड्राइव्ह कोरा होता. त्याचं पाकीट आदल्या संध्याकाळी अमळनेरला, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याच्याच काउंटरवर फाडलं होतं, आणि तो लावला होता फक्त त्याच्याच मशीनला. तपासाला सीआयडी नको होती. परतीच्या एसटीतून उतरलो तो थेट तिथेच.

त्याच्याकडे दोन कॉम्प्युटर. सरकारी पोर्टलसाठी एक बऱ्यापैकी नवा, आणि स्कॅनिंगसाठी विंडोज एक्सपी. होय, २००१ ची एक्सपी, जिचं अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झालं. "स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त हिच्यावरच चालतो, भाऊ. आणि नेटच जोडलेलं नाही हिला. व्हायरस येईल कुठून?" हे तो इतक्या शांतपणे बोलला की क्षणभर मलाच वाटलं, तो मीच घरून डब्यात आणला असेल.

"कुठून म्हणजे? दिवसभर आख्ख्या तालुक्याचे पेनड्राइव्ह लागतात की हिला!"

तेवढ्यात बाकावरून अहिराणीत आवाज आला, "जुनं शे म्हणीसन तर सेफ शे."

पांढरी टोपी, मांडीवर कागदांची पिशवी, पायाशी मेथीची जुडी. हे आप्पा. फार्मर आयडीसाठी आले होते, पण सर्व्हर डाऊन होता, त्यामुळे वेळच वेळ. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. त्याने त्यांना काही फरक पडला नाही.

"मन्ही राजदूत देखा," त्यांनी बाहेर बोट केलं. बाहेर खरंच एक जुनी राजदूत मोटारसायकल उभी होती आणि तिला खरंच चाबी लटकत होती. "बजारमा अशीच उभी ऱ्हास. कोणी हात लावस का? मन्हा पोऱ्यानी नवी पल्सर रातले गयी. लॉक व्हतं, अलार्म व्हता. गयी! राजदूत तठेच."

"आप्पा, तिला कोण नेणार?"

"तेच तर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "चोरले ती सुरूच करता येस नही. किक मारता मारता त्याना पाय मोडी जाई. तसंच ह्या कॉम्प्युटरनं. व्हायरस करनारा आजकालना पोरे. त्यासले हाई जुनं समजस का?"

झेरॉक्सवाला इतका खूश झाला की त्याने आप्पांसाठी चहा सांगितला. माझ्यासाठी नाही.

मग आप्पांनी एक्सपीच्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडे पाहिलं आणि ते चित्र सातपुड्यातलं, मनुदेवीच्या अलीकडचं, श्रावणातलं आहे हे मला समजावून दिलं. तिथे त्यांच्या साडूचं शेत होतं म्हणे. तो फोटो १९९६ साली चार्ल्स ओ'रिअर नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात काढला, हे मी सांगून पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तठे इतलं हिरवं ऱ्हास का?"

आता पंचाईत अशी की आप्पांच्या बाजूने पुरावे आहेत. मी ते त्यांना मुद्दामच सांगितले नाहीत, नाहीतर चहाबरोबर भजीही आली असती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस दीडशे देशांत पसरला. बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची निघाली. एक्सपीवर तो नीट चढायचाच नाही, मशीन निळा पडदा दाखवून आडवं व्हायचं. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने साधारण ८५ लाख विंडोज मशीन झोपवली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले. तडाखा बसला तो पैसे मोजून सुरक्षा घेणाऱ्यांना. एक्सपीवाले त्या दिवशी निवांत झेरॉक्स काढत होते.

पण वॉनाक्राय विंडोजच्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, टाकणाऱ्यांनी टाकली नव्हती, हेही खरं. आणि एक्सपीसाठी तर नेहमीच्या दुरुस्त्या येणंच थांबलंय. चोर नव्या विंडोजचं अपडेट उकलून बघतात, कुठलं भोक बुजवलं ते पाहतात, आणि तेच भोक जुन्यात शोधतात. तिथे ते कायमचं उघडं. नेट नाही म्हणून निर्धास्त राहावं, तर २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरूनही पसरायचा आणि तोही शॉर्टकटच्याच भोकातून. इराणच्या नतान्झचा अणुप्रकल्प त्यातून सुटला नाही, तर अमळनेरचा स्टँड कुठून सुटणार? माझ्या पेनड्राइव्हमधला त्याचा गरीब नातेवाईक. खरा फोल्डर लपवायचा, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डरही उघडतो. कुणाला संशय येत नाही. येतो तो फक्त क्लार्कबाईंच्या अँटिव्हायरसला, सगळ्यांसमोर.

"आप्पा," मी म्हणालो, "राजदूतमधलं पेट्रोल कधी गेलंय का?"

आप्पा थांबले. बशीतला चहा तसाच धरून त्यांनी बराच विचार केला.

"पेट्रोल जास," ते म्हणाले. "म्हणीसन मी जास्त टाकतच नही."

हेच तर! गाडी कोणाला हवीये? व्हायरस माणूस बघून येत नाही, मशीन नवं की जुनं हेही विचारत नाही. दिसेल त्या टाकीत नळी घालतो. आणि त्या एक्सपीच्या टाकीत पेट्रोल कोणाचं? डेस्कटॉपवर मला नावानिशी फायली दिसत होत्या. आधार, पॅन, पासबुक, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, कुणाची जमिनीची मोजणी. झेरॉक्सवाला ड्रायव्हरचे पैसे वाचवतो आणि जोखीम आम्ही उचलतो. वर पानामागे दहा रुपये देऊन. हे बोलताना माझा आवाज चढला. चहावाला पोऱ्या दारातच थबकला.

बरं, नवं घ्या म्हणणारेही काही कमी नाहीत. परवा मळ्यात भरीत पार्टी होती. तुरकाट्यांवर वांगी भाजणं सुरू होतं, आणि हिंजवडीचा आमचा भाचा कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मामा, तुमची विंडोज १० आता धोकादायक. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला." मग ११ टाक म्हटलं. तर माझा कॉम्प्युटर त्याला चालत नाही, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. धडधाकट मशीन, मुलगी रोज त्यावर अभ्यास करते, आणि चिप नाही म्हणून भंगार. एकीकडे हा भाचा, दुसरीकडे ते आप्पा. सुरक्षित राहायला दर पाच-सात वर्षांनी चाळीस हजार मोजायचे, तर कपाशीच्या भावात ते बसवायचे कुठे, ते मात्र कोणीच सांगत नाही.

असो. माझे कागद त्याने निमूटपणे पुन्हा स्कॅन केले, या वेळी थेट माझ्या मोबाइलवर, नव्या मशीनमधून. म्हणजे नव्यावर स्कॅनर चालत होता! ड्रायव्हरचं विचारलं तर म्हणे, "जरा हळू चालतो, भाऊ."

मी त्याला एक्सपीतल्या माझ्या सगळ्या फायली माझ्यादेखत डिलीट करायला लावल्या.

"आता रिसायकल बिनही रिकामा कर."

तो पहिल्यांदाच घाबरला. "ते नको, भाऊ! त्यात आप्पांचा सातबारा आहे. गेल्या वर्षी सेफ म्हणून तिथेच ठेवलाय."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "आजलोंग कोणी नही ली गया," ते म्हणाले.